भूल देणाऱ्या बाईचा फंड

“बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला आहात कुठे?”

महाडिक खिडकीच्या आतून हे इतक्या सहज म्हणाला, की मला आधी हसूच आलं. म्हटलं, थट्टा करतोय मेला. नवा हिशेबनीस, दवाखान्यात येऊन सहा महिनेही झाले नव्हते.

“मग रोज सकाळी आठला थिएटरात काय माझं भूत येतं?” मी म्हटलं. “चष्मा पूस आणि नीट बघ. रिबका पारखे. एकोणीसशे ऐंशीपासून. एकतीस तारखेला रिटायर होतेय. फंडाचा फॉर्म दे, ग्रॅच्युइटीचा दे आणि मला मोकळी कर. आत हर्नियाचं पेशंट टेबलावर घ्यायचंय.”

त्यानं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. ओळीवर बोट ठेवलं.

“ऐंशी ते एक्याण्णव, स्टाफ नर्स. इथपर्यंत बरोबर. चौदा ऑगस्ट एक्याण्णवला तुमचा राजीनामा आहे. पुढं तुमचं नाव नाही.”

“राजीनामा? कुणाचा राजीनामा?”

“तुमचाच. ही सही तुमची नाही का?”

फाईलमधून त्यानं एक पिवळा पडलेला कागद काढला. इंग्रजीत टाईप केलेल्या चार ओळी आणि खाली माझी सही. माझीच. शेवटची रेघ लांब ओढायची माझी खोड, तीसुद्धा तशीच. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

आता हे कसं झालं ते सांगते, म्हणजे तुम्ही मला नुसती अडाणी म्हणणार नाही. म्हटलंत तरी चालेल म्हणा.

आमचा दवाखाना मिशनचा, तालुक्याच्या गावातला. जुन्या काळी अशा ठिकाणी भूलतज्ज्ञ डॉक्टर कुठला मिळायला! मग मिशननं हुशार नर्सा निवडून मोठ्या दवाखान्यात वर्षभर शिकायला पाठवल्या. त्यातली मी एक. परत आले ती भूल देणारी बाई होऊनच आले. सिझेरियन, अपेंडिक्स, विहिरीत पडून हाडं मोडलेली, बैलानं फाडलेली, सगळ्यांना मी झोपवलं आणि मीच उठवलं. पुढं कायदे कडक झाले. नर्सनं भूल दिलेली कागदावर दाखवता येईना. तेव्हा आमचे सर्जन डॉक्टर आढाव यांनी जिल्ह्याच्या गावच्या डॉक्टर परचुऱ्यांना गाठलं. परचुरे खरे भूलतज्ज्ञ. ते फक्त मंगळवारी यायचे, पण रजिस्टरात सातही दिवस नाव त्यांचं. दर केसमागे त्यांना तीनशे रुपये आणि काम माझं. रजिस्टर लिहायचेसुद्धा मीच. ‘भूल देणार : डॉ. परचुरे’ असं मी माझ्या हातानं हजारो वेळा लिहिलंय. तेव्हा त्यात काही वावगंही वाटलं नाही. दवाखाना चालला पाहिजे ना!

आणि ती सही. थिएटरात आमची रीतच अशी, की दोन केसच्या मधल्या पाच मिनिटांत सगळे कागद उरकायचे. आढाव डॉक्टर हातमोजे उतरवता उतरवता म्हणायचे, “सिस्टर, इथं सही.” आणि आम्ही करायचो. टेबलावर माणूस असताना सर्जननं चिमटा मागितला, तर तुम्ही कशाला म्हणून विचारता का? तीच सवय. त्या दिवशी ते म्हणाले होते, “तुमच्या भुलीच्या भत्त्याचा कागद आहे.” भत्ता मिळालाही, नऊशे रुपये. मी पेढे वाटले होते हो!

बरं, पगाराची खिडकी उघडी असायची दहा ते बारा. त्या वेळात मी थिएटरच्या आत. माझं पाकीट आयाच आणून द्यायची. एकवीस वर्षांत मी त्या खिडकीशी कधी उभीच राहिले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा राहिले.

“मग मला पगार देत कोण होतं?” मी विचारलं.

“परचुरे डॉक्टर. म्हणजे त्यांच्या भुलीच्या फीमधून वळता होतो तो. तुम्ही त्यांच्या खासगी मदतनीस, असं इथं लिहिलंय.” महाडिकचंही तोंड उतरलं होतं. “फंड कापलेला नाही बाई. अकरा वर्षांचा आहे, तेवढाच. एकोणीस हजार आणि काही.”

एकोणीस हजार!

मी हसत सुटले. खरंच. खिडकीशी उभ्या माणसांना वाटलं, बाईला वेड लागलं. कारण अख्ख्या दवाखान्यात म्हातारपणाची शिकवणी घेणारी मीच होते. नवी पोरगी नोकरीला लागली, की मी तिला चहाला बसवून सांगायचे, “फंडाला हात लावू नको गं. नवऱ्याला गाडी घ्यायचीय, दिराचं लग्न आहे, काहीही सांगतील. साठीनंतर तोच आपला नवरा आणि तोच आपला दीर.” लोकां सांगे ब्रह्मज्ञान! माझ्या वहीत सगळं मांडलेलं होतं. फंडाचे सहा लाख, ग्रॅच्युइटीचे दोन. मला नवरा नाही, मूल नाही. क्वार्टर एकतीस तारखेला सोडायची. बसस्टँडमागं एक खोली-स्वयंपाकघर बुक केलं होतं, रिकरिंग मोडून लाखभर भरले होते. उरलेले साडेचार लाख महिन्याच्या आत भरायचे, नाही तर भरलेलेही बुडणार. बत्तीस वर्षं घासून अठ्ठावन्नाव्या वर्षी मी रस्त्यावर. एवढा साधा हिशेब होता तो.

आत गेले आणि हर्नियाच्या माणसाला भूल दिली. काय करणार, तो उपाशी पडला होता सकाळपासून.

*

आढाव डॉक्टर तोवर वारले होते. दवाखान्याच्या कमिटीवाल्यांनी कानावर हात ठेवले. मग मला कुणीतरी नलावडे वकीलबाईंचं नाव सांगितलं. तिच्या दोन्ही बाळंतपणांना भूल माझीच. बाई फटकळ, पण मनानं सोन्यासारखी. तिनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“पारखेबाई, तुमच्याइतका शहाणा वेडा मी पाहिला नाही. ऐका आता. कामगार ऑफिसात ग्रॅच्युइटीचा अर्ज टाकू. तिथं तुम्ही दवाखान्याच्या नोकर ठरलात, की फंडही मागोमाग द्यावा लागेल.”

“ठरेन ना? अख्खा तालुका साक्षीला येईल.”

“तालुका नको, कागद हवा. ते म्हणणार, तुम्ही परचुऱ्यांच्या मदतनीस. त्यावर आपण एकच दाखवायचं, की परचुरे मंगळवार सोडून यायचेच नाहीत. जो माणूस तिथं नव्हताच, त्याच्या मदतनीस कशा असाल तुम्ही? म्हणजे उरलेल्या दिवशी दवाखान्यानंच तुमच्याकडून भूल देववली. रजिस्टरातलं अक्षर तुमचं आहे. बस्स. पण सगळ्या केस तुम्ही दिल्या, हे तुम्हाला तोंडानं कबूल करावं लागेल.”

“करते की. खरंच आहे ते.”

“सगळ्या?” तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “एकही अशी नाही ना, जी तुम्हाला नको असेल?”

मी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला.

होती. एक होती.

पाच जुलै दोन हजार एक, गुरुवार. मोनाली ढवळे, वय वर्षं नऊ. अपेंडिक्स. सकाळपासूनची माझी चौथी केस. तिसरी लांबली होती आणि मधे सिलिंडरचा काटा बघायचा राहिला. राहिला म्हणजे राहिला. कुणी विसरायला लावला नाही, कुणी घाई केली नाही. ऑक्सिजन संपला आणि माझ्या ध्यानात आलं तेव्हा पोरीचे ओठ काळे पडले होते. दुसरा सिलिंडर लावेपर्यंत सगळं संपलं. मी तिच्या छातीवर अर्धा तास दाबत होते, शेवटी आढाव डॉक्टरांनी मला हाताला धरून बाजूला केलं. “अंगाला औषध सोसलं नाही असं लिहू,” ते म्हणाले. आणि रजिस्टरात मी नेहमीसारखं लिहिलं, भूल देणार डॉ. परचुरे.

निरोप गेल्यावर संध्याकाळी परचुरे आले. गावातल्या लोकांनी त्यांच्या गाडीची काच फोडली, त्यांच्या तोंडाला डांबर फासलं. पुढं चौकशी झाली. तिथं ते उभे राहून म्हणाले, “भूल मी दिली होती.” मला फक्त एवढंच बोलले, “पारखेबाई, तुमचं नाव कागदावर नाही. तोंड उघडू नका.” मी नाही उघडलं. अकरा वर्षं मी त्या माणसाच्या उपकाराखाली होते.

हे सगळं मी नलावडेबाईंना सांगितलं. तिनं पेनला टोपण लावलं.

“आपण तो गुरुवार काढायचाच नाही,” ती म्हणाली. “हजारो केस आहेत. दुसऱ्या तारखा दाखवू. ते काढणार नाहीत, त्यांचंही झाकलेलं उघडं पडेल.”

मी मान हलवली. मला घर हवं होतं.

*

सुनावणी नोव्हेंबरात होती. तोवर मी बहिणीच्या नणंदेच्या माडीवर राहत होते. बिल्डरानं दोनदा मुदत वाढवली, तिसऱ्यांदा हात जोडले. शिंगाडे साहेब म्हणून अधिकारी होते, शांत माणूस, स्वतःच्या हातानं सगळं लिहून घ्यायचे. दवाखान्यानं साक्षीला आणलं परचुऱ्यांना. पंचाहत्तरीचे झाले होते, काठी टेकत आले. माझ्याकडं बघून त्यांनी हात जोडले. मला बरं वाटलं. म्हटलं, हा माणूस खोटं बोलायचा नाही.

नलावडेबाई उठली. “डॉक्टर, तुम्ही आठवड्यातून किती वेळा या दवाखान्यात यायचात?”

“रोज.”

मला वाटलं, म्हातारपणी ऐकू कमी येत असेल. तिनं पुन्हा विचारलं.

“रोज यायचो,” परचुरे म्हणाले. “भूल मीच द्यायचो, प्रत्येक केसला. पारखेबाई माझ्या हाताखाली होत्या. सिलिंडर बघायच्या, सिरिंजा भरायच्या. भूल त्यांनी आयुष्यात कधी दिली नाही.”

आयुष्यात कधी दिली नाही! मी खुर्चीचा हात घट्ट धरला. समोर बसून हा माणूस माझी तीस वर्षं पुसत होता आणि ती किती मायेनं! बोलताना त्यांचे डोळे भरले होते. नलावडेबाई माझ्या कानाशी वाकली. “त्याला वाटतंय, तो तुम्हाला वाचवतोय. का स्वतःला, देव जाणे.”

मग दवाखान्याचा वकील उठला. पोरसवदा होता, पण चलाख. मला म्हणाला, “बाई, तुमचं म्हणणं, मंगळवार सोडून डॉक्टर यायचे नाहीत?”

“यायचे नाहीत.”

“मग पाच जुलै दोन हजार एक. गुरुवार होता. त्या दिवशी डॉक्टर आले होते की नाही?”

नलावडेबाईंनी हरकत घेतली. शिंगाडे साहेब म्हणाले, तारखेचा प्रश्न आहे, उत्तर द्यावं लागेल.

वकिलानं डाव बरोबर टाकला होता. आले होते म्हणावं, तर रजिस्टर खरं आणि मी मदतनीस. फंड गेला, घर गेलं. नव्हते म्हणावं, तर मोनाली माझी. त्याला खात्री होती, मी पहिलंच म्हणणार. शपथेवर सांगते, मीही तेच म्हणणार होते. ‘आले होते’ एवढे दोन शब्द जिभेवर होते. मनात म्हटलं, मरो तो फंड, राहीन माडीवर.

तेवढ्यात परचुरे आपल्या जागेवरून म्हणाले, “सांगा ना बाई. मी होतो त्या दिवशी. ती पोर माझ्या हातून गेली.”

कसं कोण जाणे, मी उठून उभी राहिले.

“तुमच्या हातून कशी जाईल? तुम्ही तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाहीत,” मी म्हटलं. “डॉक्टर नव्हते, साहेब. मीच होते. भूल मीच दिली. मोनाली ढवळे. सिलिंडर रिकामा झाला होता आणि मी काटा बघितला नव्हता. चूक माझी. त्या दिवशीची माझी आणि बाकीच्या सगळ्या दिवसांचं कामही माझंच.”

शिंगाडे साहेबांचं पेन थांबलं. “बाई, हे असंच लिहून घेऊ? याचा परिणाम कळतोय ना तुम्हाला?”

“घ्या लिहून.”

या खेपेला मी अक्षर न् अक्षर वाचून सही केली.

बाहेर व्हरांड्यात परचुऱ्यांनी मला गाठलं. “काय केलंत हे! मी तुमच्यासाठी बोलत होतो.”

“आणि तीनशे रुपये कुणासाठी घेत होतात?”

ते काठी टेकत निघून गेले. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही. काय जास्त, ते आजही सांगता यायचं नाही.

*

निकाल चौदा महिन्यांनी लागला, माझ्या बाजूनं. नर्सिंगचं माझं रजिस्ट्रेशन गेलं. पोलिसांनी दोनदा बोलावून जबाब घेतला, पुढं काही झालं नाही. बसस्टँडमागची खोली तोवर हातची गेली होती, दुसरी घेतली. पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते सुनावणीच्या दुसऱ्या दिवसाचं.

मी ठरवलं, पेपरात यायच्या आत ढवळ्यांना आपण सांगायचं. सकाळच्या एसटीनं त्यांच्या वस्तीवर गेले. मोनालीची आई दारात शेंगा फोडत बसली होती. बाप चार वर्षांपूर्वी वारला होता. तिनं मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. मी कोण, ते विचारलं नाही.

मी पाठ करून गेले होते. पण तिच्यासमोर बसल्यावर सगळं विसरले. म्हटलं, “मी दवाखान्यातली. मोनालीला भूल मी दिली होती, डॉक्टरनं नाही. माझ्या चुकीनं ती गेली.”

वाटलं, ही आता अंगावर येईल, शिव्या देईल, काय करेल ते करेल. मी मान खाली घालून बसले होते.

“ठाऊक हाय,” ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

“आमी थेटराच्या दाराशीच बसलो हुतो की, सकाळधरनं. पोरीचा बाप आणि मी. दार एकच. आत तुमी गेलाव, आढाव डॉक्टर गेला, आया गेली. दुसरं कोण माणूस आत गेलं न्हाई. पोर माझी साडेअकराला गेली आणि त्यो गाडीवाला डॉक्टर आला दिवस मावळताना. लोकं त्याला मारत हुती, तर मी वरडून सांगत हुते, त्याला मारू नका, त्यो नव्हताच, भूल बाईनं दिली.”

अकरा वर्षं मी ज्यांच्यापासून लपले, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

“मग... मग तुम्ही बोलला का नाहीत कुठं?”

“बोललो न्हाई?” तिचा आवाज पहिल्यांदा चढला. “पोलिसाला सांगितलं, सरपंचाला सांगितलं, चौकशीच्या सायबाला सांगितलं. समदे रजिस्टर दावायचे. ह्यात डॉक्टरचं नाव हाय म्हणायचे. वस्तीतल्या बाया म्हणल्या, पोर गेल्यानं हिचं डोस्कं फिरलं, काय बी बरळती. माझा नवरासुदिक शेवटी म्हणाय लागला, आपल्यालाच चुकीचं दिसलं आसंल. त्यातच गेला त्यो.”

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं मला धरू दिले नाहीत. माझं मनगट पकडलं. शेंगा फोडून खरखरीत झालेला हात, पण पकड केवढी!

“माफी-बिफीचं मागनं बघू,” ती म्हणाली. “आदी उटा.”

तिनं मला ओढतच अंगणाबाहेर नेलं आणि वस्तीच्या मधोमध उभी राहून हाका मारायला लागली. “ए सखू! ए भामाक्का! पारू, तुझ्या सासूला घिऊन ये! या समद्या, मी येडी हाय का शानी ते ऐका!”

बाया दारादारातून बाहेर आल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेवर पोर. दहा-पंधरा जणी जमल्या तरी तिनं माझं मनगट सोडलं नव्हतं.

“आता सांगा,” ती मला म्हणाली, “मोट्यानं.”

मी पदर खोचला आणि त्या गुरुवारच्या सकाळपासून सांगायला लागले.